नासलं, सडलं की नुसतं सादळलं?

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. त्या दिवशी निफाड तालुक्यात गारपीट झाली आणि आमच्या दीड एकर द्राक्षबागेत घोट्याइतका पाला पडला. ऑक्टोबर छाटणीची बाग, नुकते मणी धरलेले. ज्यांना माल द्यायचं बोलणं झालं होतं, त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. बांधावरूनच त्यानं पाहिलं, वहीत इंग्रजीत एक शब्द लिहिला, ‘स्पॉइल्ड’, आणि गाडीला किक मारली.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकवलं. त्या शब्दाचा अर्थ मी कित्येक पोरांना ‘खराब झालेले, बिघडलेले’ असा सांगितला आहे. फळ्यावर लिहून दिला आहे. पण त्या सकाळी तो अर्थ मला पुरेना.

सासूबाई तेव्हा पंच्याऐंशीच्या होत्या. माणूस गेल्यावर त्या काठी टेकत ओळीत शिरल्या आणि वेलीवेलीपाशी थांबून बोलू लागल्या. ही पानं फाटली. हा घड गळला. ह्याला मार बसलाय, पण देठ हिरवा आहे. इथं कूज लागेल, आजच काढून टाक. मग एका काडीवर नख मारून साल खरवडली, आतला हिरवा रंग पाहिला आणि म्हणाल्या, “काडी जित्ती हाय. समदं गेलं असं कोन म्हनलं?”

शब्दकोश उघडून बसायची मला जुनी सवय. लॅटिनमध्ये ‘स्पोलियम’ म्हणजे जनावराची सोलून काढलेली कातडी, आणि रणात पडलेल्या शत्रूच्या अंगावरून उतरवलेलं चिलखतसुद्धा. त्यावरून लूट, मग लुटून उजाड करणं, मग नुसतंच बिघडवणं. अन्न विटलं तरी तोच शब्द, लाडानं पोर बिघडलं तरी तोच. इंग्रजीत शिळ्या पावाला, खवट लोण्याला, गंजलेल्या लोखंडाला आपापले शब्द आहेत, नाही असं नाही. पण रोजच्या बोलण्यात आणि व्यापाराच्या कागदावर हा एक शब्द सगळ्यांवर पांघरूण घालतो. त्याचा भाऊबंद ‘रुइन’. तो कोसळणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला. आपल्या ‘भ्रष्ट’ शब्दाच्या पोटातही पडणं, घसरणं हाच अर्थ आहे. दोन भाषांनी नाशाकडे पाहिलं आणि दोघींनाही पडझड दिसली.

आता आपलं स्वयंपाकघर पाहा. दूध नासतं. वरण आंबतं. तेल आणि खोबरं खवट होतं. लोणचं बुरसतं, भाजी करपते, पिठात जाळी धरते, गहू किडतो, पोळी वातड होते, पापड सादळतो. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. ‘पापड नासला’ असं कुणी म्हटलं तर घरातलं लहान मूलही हसेल. आणि प्रत्येक शब्दाच्या आत पुढं काय करायचं ते सांगून ठेवलेलं असतं. सादळलेल्याला ऊन दाखवा, पुन्हा कुरकुरीत होतो. नासलेल्या दुधाचा चोथा गाळून गोड काही करता येतं. आंबणं तर कधीकधी हवंच असतं, त्याशिवाय इडलीचं पीठ फुगत नाही. बुरसलेलं मात्र टाकायचं, वरचा थर काढून खायचा मोह धरायचा नाही. एवढी माहिती आईनं मुलीला एकेका क्रियापदात दिली आहे.

वस्तूंचंही तसंच. काच फुटते, लाकूड मोडतं, दोरा तुटतो, कापड फाटतं, जुनं झालं की विरतं. शिवण उसवते. भिंत ढासळते, छप्पर कोसळतं. जुन्या नाशकातल्या वाड्यांना आपण ‘मोडकळीस आलेला’ म्हणतो, कारण मोडायचा अजून बाकी आहे, दुरुस्तीला वाव आहे. इंग्रजीचा धडा शिकवताना ‘ब्रेक’ या एका शब्दासमोर मी यातली चार क्रियापदं लिहायची तेव्हा वर्गातून आणखी चार यायची.

‘खराब’ हा आपला सगळ्यात सोयीचा शब्द. तो मूळचा अरबी, अर्थ ओसाड, उजाड. तो जुना अर्थ आपल्या सातबाऱ्यावर अजून शाबूत आहे. ‘पोटखराबा’ म्हणजे शेताच्या पोटातली लागवडीला न येणारी जागा, खडक, नाला, वाट. ‘बरबाद’ फारसीतून आला. ‘बर बाद’ म्हणजे वाऱ्यावर. आपण मराठीत एखाद्याला वाऱ्यावर सोडतो, तिकडे अख्खं घरदार वाऱ्यावर जातं. ‘मातेरं’ अस्सल खळ्यातलं, माती मिसळलेलं धान्य. पाखडलं, निवडलं तर त्यातूनही पायलीभर दाणे निघतात. आणि १७६१ नंतर ‘पानिपत’ हे गावाचं नावच आपल्याकडे सर्वनाशाला वापरलं जाऊ लागलं. ‘नष्ट’ हा संस्कृतातल्या ‘नश्’चा. दिसेनासं होणं, हरवणं हा त्याचा जुना अर्थ. नासलेलं दूध पातेल्यात असतं, पण त्यातलं दूधपण हरवलेलं असतं. हे लक्षात आलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात उभी होते आणि मला फार आनंद झाला होता.

पण शब्दांची खरी परीक्षा कांद्याच्या चाळीत होते. आमच्याकडे उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात आणि भाव पाहून दिवाळीपर्यंत काढतात. पावसाळ्यात दर काही दिवसांनी चाळीत नाक घालून वास घ्यावा लागतो. कांदा सडला तर त्याचं पाणी खालच्या कांद्यांवर गळतं आणि चार दिवसांत टोपलीभर जातो. काजळी धरली तर वरची काळी पत्ती चोळून काढली की आतला कांदा अनेकदा पांढराशुभ्र निघतो. कोंब आला तर तो खाण्याजोगा असतो, पण लगेच विकायला हवा, कारण तो आतून पोकळ होत जातो. नुसता वाळला तर वजन घटतं, बाकी काही नाही. हे चारही बाजारात गेले की शहरातलं गिऱ्हाईक म्हणतं, कांदा खराब आहे.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ मध्ये ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारलं. तिथं कोबाल्टच्या गॅमा किरणांची अगदी हलकी मात्रा कांद्याला देतात. त्यानं कोंब फुटायचा थांबतो. २००७ पासून अमेरिकेला जाणारा हापूसही तिथून प्रक्रिया होऊन जाऊ लागला. केंद्र झालं तेव्हा गावात चर्चा होती की आता कांदा खराबच होणार नाही. तसं नव्हतं. एवढ्या मात्रेनं कोंब थांबतो, सड थांबत नाही. आधीच मार लागलेला, ओला भरलेला कांदा किरणं देऊनही सडतोच. ‘खराब’ या एका शब्दानं किती जणांची गैरसमजूत केली असेल! कोंब आणि सड हे दोन शब्द वेगळे ठेवले असते तर प्रश्नच पडला नसता.

द्राक्षातले शब्द मी लग्नानंतर शिकले. रोगांतही भुरी वेगळी, केवडा वेगळा, करपा वेगळा. भुरी पांढरी भुकटी होऊन बसते, तिला कोरडी हवाही चालते. केवड्याला पानं ओली लागतात. औषधं वेगळी, फवारणीची वेळ वेगळी. छाटणीनंतर ढगाळ हवा राहिली की घड जिरतो, म्हणजे येऊ घातलेल्या घडाची बाळी होऊन जाते. ‘जिरणे’ हा शब्द इथं ज्यानं पहिल्यांदा वापरला त्याला मी हात जोडते. पाणी जमिनीत जिरावं तसा वर्षाचा पैसा डोळ्यांदेखत वेलीत जिरतो. फुलोऱ्यात पाऊस झाला की गळ आणि कूज. पिकत आलेल्या बागेवर झाला की मणी तडकतात. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळाच्या वेळी आमच्या भागानं यातले बहुतेक शब्द एका आठवड्यात अनुभवले, कारण कुणाची बाग फुलोऱ्यात होती, कुणाची मणी धरलेली.

गारपिटीनंतर पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक आले. तेहतीस टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर मदत, हा नियम २०१५ पासूनचा, त्याआधी तो आकडा पन्नास होता. सरकारला आकडा लागतो, ते मला समजतं. पण टक्के कसले मोजायचे? गळलेले घड मोजले तर एक आकडा येतो, मार बसून पुढं डागी होणारे धरले तर दुसरा, आणि काडीला जखम होऊन पुढच्या हंगामाला फटका बसणार तो तिसराच. मी त्यांच्यासोबत ओळीतून फिरले आणि सासूबाईंचे शब्द एकेक करून सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले. डागी होणारे घडही मोजणीत आले.

कुजके घड आम्ही त्याच आठवड्यात कात्रीनं काढले. मार्चमध्ये जे उरलं ते डागी होतं, निर्यातीला चालणारं नव्हतं. थोडं जवळच्या बाजारात गेलं. बाकीचं बेदाण्याच्या शेडवर नेलं. तिथं द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर सावलीत पसरतात. साधारण चार किलोंचा एक किलो होतो. पंधरा दिवसांनी डबा घरी आला. बेदाणा रंगानं थोडा काळपट होता.

सासूबाईंनी दोन दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले, आणि डबा माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “झाकन घट लाव. न्हाय तर सादळंल.”