गुदप्लग

गुदप्लग हे गुदद्वारातून आत सरकवून काही काळ तेथेच ठेवण्याचे लहान साधन आहे. त्याचे टोक निमुळते, मधला भाग फुगीर, मान बारीक आणि बूड रुंद असते. त्याचे दोन उपयोग आहेत. मलविसर्जनावरील नियंत्रण गमावलेल्या रुग्णांना मलगळती थोपवण्यासाठी ते दिले जाते, तसेच प्रौढ व्यक्ती लैंगिक सुखासाठी ते वापरतात. ही साधने काच, धातू, कठीण प्लास्टिक, फोम इत्यादींपासून बनतात. तथापि मऊपणा आणि स्वच्छतेची सुलभता यांमुळे सिलिकोन अधिक पसंत केले जाते.

शरीररचना

गुदनलिका सुमारे ३ ते ४ सेंटिमीटर लांब असते. तिच्याभोवती दोन वलयाकार स्नायू असतात. बाहेरचा स्नायू इच्छेनुसार आवळता वा सैल सोडता येतो. आतला स्नायू अनैच्छिक असून तो आज्ञेने नव्हे, तर सावकाश आणि शरीर निवांत असताना सैल होतो. घाई केल्यास वेदना का होतात, याचे कारण येथेच आहे. गुदनलिकेच्या खालच्या भागाची त्वचा अतिशय संवेदनशील असते. त्याउलट वरच्या मलाशयाला ताण व दाब जाणवतो, परंतु चिरल्याची वेदना फारशी जाणवत नाही. त्यामुळे दुखत नाही म्हणजे इजा झालेली नाही, असे मानता येत नाही. या भागात पुरेसे नैसर्गिक वंगणही नसते.

मलाशय पुढे मोठ्या आतड्याला जोडलेले असते. त्याला बंद तळ नाही. रुंद बूड नसलेली वस्तू स्नायूंच्या आकुंचनाने वर ओढली जाऊ शकते.

इतिहास

अमेरिकेत डॉ. फ्रँक यंग यांनी १८९२ मध्ये कठीण रबरी गुदविस्फारकांच्या संचाचे एकस्व घेतले. बद्धकोष्ठतेपासून मनोविकारांपर्यंत अनेक व्याधी त्याने बऱ्या होतात, असा प्रचार केला जाई. १९४० मध्ये दिशाभूल करणाऱ्या दाव्यांमुळे त्याचा साठा सरकारने जप्त केला. आजच्या गुदप्लगलाही असा कोणताही रोगनिवारक गुण नाही.

वैद्यकीय उपयोग

प्रसूतीतील इजा, मज्जारज्जूचे विकार, शस्त्रक्रिया किंवा वार्धक्य यांमुळे मलविसर्जनावरील नियंत्रण सुटू शकते. अशा व्यक्ती प्रवास, समारंभ आणि हळूहळू घराबाहेर पडणेच टाळू लागतात. त्यांच्यासाठीचे फोमचे प्लग विरघळणाऱ्या आवरणात दाबलेले असतात व आत गेल्यावर उमलतात. सिलिकोनच्या प्रकारात दोन लहान चकत्या असतात. एक आत व दुसरी गुदद्वाराबाहेर राहते. ही साधने एकदाच वापरून टाकून द्यावयाची असतात.

कॉक्रेन संस्थेच्या पुनरावलोकनात चार अभ्यासांतील १३६ रुग्णांचा विचार झाला. अनेकांना प्लग सहन झाला नाही. मात्र ज्यांना तो सहन झाला त्यांची मलगळती रोखण्यास त्याची मदत झाली, असा त्याचा निष्कर्ष आहे.

निवड

बूड : हा सर्वांत महत्त्वाचा निकष होय. बूड फुगीर भागापेक्षा स्पष्टपणे रुंद असावे. सिलिकोन फार मऊ असल्यास बूड दुमडून आत जाण्याचा धोका असतो. म्हणून शरीर मऊ असले तरी बूड तुलनेने ताठ असणे हितावह ठरते.

मऊपणा : सिलिकोनचा कठीणपणा शोअर या मापनात सांगतात. एकाच श्रेणीत आकडा जितका लहान तितके साहित्य मऊ. मऊ प्लग शरीराच्या वळणाशी जुळवून घेतो आणि बराच वेळ बसताना टोचत नाही. अतिमऊ प्लग मात्र आत सरकवताना वाकतो.

आकार : सुरुवातीला सर्वाधिक जाड भागाचा व्यास २ ते २.५ सेंटिमीटर असणे पुरेसे असते. व्यास २ वरून ३ सेंटिमीटर झाला की परीघ सुमारे ६.३ वरून ९.४ सेंटिमीटर होतो. म्हणजे आकड्यात लहान वाटणारी वाढ स्नायूंना बरीच मोठी जाणवते. मान बारीक असल्यास स्नायू तिच्याभोवती निवांत मिटतो व प्लग जागेवर राहतो.

साहित्य : प्लॅटिनम प्रक्रियेने बनवलेले शुद्ध सिलिकोन सच्छिद्र नसते आणि उकळता येते. जेलीसारखे स्वस्त प्लास्टिक सच्छिद्र असते. त्यात जंतू टिकतात व काही वेळा थॅलेट ही रसायनेही आढळतात. तीव्र वास व चिकटपणा हे संशयाचे लक्षण समजावे. अशा साधनांच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

वापर

शौचास जाऊन आल्यावर व बाहेरील भाग धुतल्यावर प्लग वापरणे सोयीचे असते. वारंवार एनिमा घेतल्याने आतील अस्तराचा दाह होऊ शकतो. त्याची सहसा आवश्यकता नसते. नखे कापलेली असावीत.

पाण्यावर आधारित वंगण भरपूर वापरावे. सिलिकोनयुक्त वंगणाने सिलिकोनचा पृष्ठभाग खराब होऊ शकतो, तर तेल किंवा व्हॅसलीनमुळे लॅटेक्सचा निरोध कमकुवत होतो. साखर वा ग्लिसरीनसारखे घटक फार असलेले वंगण पेशींतील पाणी ओढून घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या सूचनेत वंगणाची ऑस्मोलॅलिटी शक्यतो ३८० पेक्षा व कोणत्याही परिस्थितीत १२०० पेक्षा अधिक नसावी, असे म्हटले आहे.

कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घेतल्यास स्नायू सैल पडण्यास मदत होते. प्रथम वंगण लावलेल्या बोटाने अंदाज घ्यावा. नंतर श्वास सोडताना, शौचाला जोर दिल्याप्रमाणे किंचित कुंथत प्लग नाभीच्या दिशेने हळूहळू सरकवावा. दुखल्यास थांबावे. सुरुवातीस काही मिनिटे पुरेशी असून झोपेत प्लग ठेवू नये. काढतानाही वंगण लावून, बुडाला धरून सावकाश ओढावे. बधिर करणारी मलमे वापरू नयेत. वेदना हा शरीराचा इशारा असून मलमामुळे तो दबतो.

स्वच्छता

वापरानंतर कोमट पाणी व सौम्य साबणाने प्लग धुवावा. विद्युत भाग नसलेला शुद्ध सिलिकोनचा प्लग काही मिनिटे उकळावा व पूर्ण कोरडा करून ठेवावा. न धुता तो योनीत वापरल्यास किंवा दुसऱ्या व्यक्तीला दिल्यास संसर्ग होऊ शकतो.

सावधगिरी

फिशर, भगंदर, रक्तस्राव होणारी मूळव्याध, आतड्याचा दाहक विकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया वा किरणोपचार आणि रक्त पातळ करणारी औषधे या परिस्थितीत वैद्यकीय सल्ल्याविना वापर टाळावा. मज्जारज्जूच्या वरच्या भागास इजा झालेल्यांमध्ये या भागातील उत्तेजनामुळे रक्तदाब अचानक धोकादायक पातळीवर जाऊ शकतो.

वस्तू आत अडकल्यास चिमटा वा अन्य साधनाने काढण्याचा प्रयत्न करू नये, जुलाबाचे औषधही घेऊ नये. त्वरित रुग्णालयात जावे. तीव्र पोटदुखी, ताप किंवा न थांबणारा रक्तस्राव ही आतड्यास छिद्र पडल्याची लक्षणे असू शकतात. लाजेपोटी केलेला विलंबच अशा प्रसंगी प्राणावर बेतू शकतो. डॉक्टरांना वस्तू, तिचा आकार आणि वेळ स्पष्ट सांगितल्यास उपचार सोपे होतात.