परमुलखातील मुक्काम : इटलीतील एका लहान शहराच्या निमित्ताने



आपल्या केळझराविषयी एक जुनी आख्यायिका आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, असे येथील परंपरा सांगते. लाक्षागृहातून सुटलेले पांडव एकचक्रेत एका ब्राह्मणाच्या घरी वेष पालटून उतरले होते. आणि त्या घरावर बकासुराचे संकट आले तेव्हा कुंतीने आपल्या भीमास पुढे धाडले. या कथेची ऐतिहासिक छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. परंतु तीतील एक बोध मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्याच्या छपराखाली आपण रात्र काढतो त्याचे आपण काही देणे लागतो. आणि ते देणे केवळ भाडे चुकते केल्याने फिटत नाही. त्या घराचे नियम आधी जाणून घेणे व ते पाळणे, हाही त्या देण्याचाच भाग आहे.

हा विषय सुचण्यास कारण घडले ते असे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत गेले व १९४४ च्या हिवाळ्यात तेथेच पडले. त्यांचा मुलगा, म्हणजे या विद्यार्थ्याचे आजोबा, त्या वेळी पाळण्यात होता. बापाचे मुख त्यांनी कधी पाहिले नाही. फोर्ली नावाच्या शहरी एका स्मारकावर आपल्या वडिलांचे नाव कोरलेले आहे, हे त्यांना उतारवयात कळले. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ऐंशीच्या घरात, नातवाचा हात धरून ते तेथे गेले. फोर्लीत त्यांचा मुक्काम एका रात्रीचा होता. दुसरे दिवशी पहाटे परतीची गाडी. दुपारी साडेबारास ते हॉटेलाच्या दारी पोहोचले, तो दार बंद! लहान हॉटेलात कचेरीतील मनुष्य दिवसभर बसलेला नसतो. येथे तो सकाळी असे व मग थेट चार वाजता येत असे. तशी सूचना ई-मेलने पूर्वीच आलेली होती. परंतु ती इटालियन भाषेत असल्यामुळे नातवाने ती वाचलीच नव्हती. सामान कोठे टाकावे हे न कळल्यामुळे दोघे साडेतीन तास चौकातील बाकावर बसून राहिले. नोव्हेंबरात तेथे पाचच्या आत अंधार पडतो. स्मारकापाशी पोहोचेपर्यंत अक्षरे दिसेनाशी झाली होती. नातवाने मोबाईलचा दिवा धरून नाव शोधले, आणि आजोबांनी ते बोटांनी चाचपून पाहिले.

चूक कोणाची, हे तो विद्यार्थी स्वतःच सांगतो. हॉटेलवाल्याने आपले कर्तव्य केले होते. म्हणून अशा प्रवासास लागणारी माहिती एकत्र लिहून ठेवावी, असे मनात आले.

प्रथम, मराठी कुटुंबांनी फोर्लीसारख्या शहरी जावेच का, हे थोडक्यात सांगतो. १९४३ ते १९४५ या काळात हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या व दहाव्या अशा तीन डिव्हिजनी इटलीत लढल्या. रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनीवर एकट्याने चाल करून ती बंद पाडली व तेथेच त्यांना वीरमरण आले. त्या काळच्या अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दोन जखमी सोबत्यांस खोल पाण्यातून व सुरुंग पेरलेल्या जागेतून सुखरूप आणले. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांचे स्मारक मोंतोने या उंब्रिया प्रांतातील टेकडीवरच्या गावी जुलै २०२३ मध्ये उभारण्यात आले. फोर्ली येथे हिंदी सैन्याची स्वतंत्र स्मशानभूमी आहे. आणि ज्यांचा देह धर्माप्रमाणे अग्नीस दिला गेला अशा सुमारे आठशे सैनिकांची नावे तेथील दहनस्मारकावर कोरलेली आहेत.

फोर्ली हे बोलोन्याहून रिमिनीस जाणाऱ्या लोहमार्गावरील शहर. वस्ती साधारण आपल्या वर्ध्याएवढी, लाखाच्या थोडी वर. रोम, व्हेनिस या नगरांत देशोदेशींच्या प्रवाशांची रीघ असते व तेथील हॉटेले त्यास सरावलेली असतात. लहान शहरी तसे नाही. तेथे इंग्रजी थोडे, वेळापत्रक स्थानिक, आणि पाहुण्याने आपणच जुळवून घ्यावयाचे.

पहिली गोष्ट : निघण्यापूर्वीची तयारी. युद्धात पडलेल्या आप्तांचे नाव नेमके कोठे आहे, हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावे. ही संस्था १९१७ साली स्थापन झाली. तिच्या नोंदीत नाव, पलटण, मृत्यूची तारीख, आणि स्मशानभूमीतील ओळ अथवा स्मारकावरील फलकाचा क्रमांक मिळतो. अंदाजाने जाऊ नये. वर सांगितलेल्या घाडगे यांची समाधी ज्ञात नाही. त्यांचे नाव कासिनो येथील स्मारकावर आहे. फोर्लीस जाऊन शोधले तर ते सापडावयाचे नाही. आपली नावे इंग्रजीत नाना प्रकारे लिहिली गेली आहेत, म्हणून दोनतीन तऱ्हांनी शोधावे. इटलीस जाण्यास शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी मुक्कामाच्या जागेचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. खोली ठरविताना दोन शब्द ध्यानात असावेत. ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे एक मोठा पलंग असलेली खोली. आजोबा व नातू यांस निरनिराळे पलंग हवे असल्यास ‘दुए लेत्ती’, म्हणजे दोन पलंग, असे स्पष्ट लिहावे. बेत रहित झाल्यास पैसे परत मिळतात की नाही, आणि मिळत असल्यास कोणत्या दिवसापर्यंत, हेही पैसे भरण्यापूर्वी वाचावे.

दुसरी गोष्ट : पोहोचण्याची वेळ. खोली बहुधा दुपारी दोन किंवा तीन वाजल्यानंतर मिळते, आणि निघतेवेळी सकाळी दहाअकरापर्यंत रिकामी करावी लागते. कचेरी किती ते किती उघडी असते, आपण लवकर आलो तर सामान ठेवता येईल काय, आणि फार उशिरा आलो तर दार कसे उघडेल, हे तीन प्रश्न आठवडाभर आधी लिहून विचारावेत. उत्तर इटालियनमध्ये आल्यास ते जाणकाराकडून अथवा मोबाईलच्या साहाय्याने समजून घ्यावे. न वाचलेले पत्र हे न आलेल्या पत्राहून वाईट. कारण ते पाठविणारा आपल्यास ते कळले असे समजून निश्चिंत होतो.

तिसरी गोष्ट : कचेरीतील सोपस्कार. आत जाताच पासपोर्ट मागतात. यात अविश्वास नाही. प्रत्येक पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे पाठविणे तेथील कायद्याने हॉटेलवाल्यावर बंधनकारक आहे. नोंद झाली की पासपोर्ट परत मागून घ्यावा. पुष्कळ नगरपालिका पाहुण्यांवर माणशी व रात्रीगणिक थोडा कर बसवितात. तो खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो व जागेवर भरावा लागतो. लहान मुलांस बहुधा माफ असतो. हा कर म्हणजे फसवणूक नव्हे. म्हणून हुज्जत न घालता भरावा व पावती घ्यावी. थोडे रोख युरो यासाठी जवळ असावेत. आपण भाड्याने मोटार घेतली असेल तर एक सावधगिरी अवश्य बाळगावी : जुन्या वस्तीत परवान्याशिवाय मोटार नेण्यास मनाई असते, नाक्यावर कॅमेरा असतो, आणि दंडाचे पत्र महिन्यांनी घरी येते. हॉटेल अशा वस्तीत आहे काय, हे आधीच विचारावे.

चौथी गोष्ट : खोली व न्हाणीघर. तेथील विजेच्या प्लगात आपला जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही. मोबाईलचा बारीक दोन पिनांचा बहुधा बसतो. तरी एक जोडप्लग सोबत न्यावा. न्हाणीघरात बादली व तांब्या शोधू नये. फवाऱ्याखाली काचेच्या किंवा पडद्याच्या आत उभे राहूनच स्नान करावे; बाहेरची फरशी कोरडी राहावी अशीच तिची रचना असते, व पाणी सांडल्यास ते खालच्या मजल्यावर झिरपते. संडासाशेजारी बिदे नावाचे बुटके भांडे असते. ते पाण्याने स्वच्छ होण्यासाठी आहे, ही गोष्ट आपल्या लोकांस सोयीचीच आहे. भिंतीवर लोंबणारी दोरी मात्र दिव्याची समजून ओढू नये. ती आजारी किंवा पडलेल्या माणसाने मदत मागण्यासाठी असते. वृद्ध माणसास ती प्रथम दाखवून ठेवावी. नळाचे पाणी पिण्यास योग्य असते. दाराच्या आतील बाजूस आग लागल्यास बाहेर पडण्याचा नकाशा लावलेला असतो, तो झोपण्यापूर्वी एकवार पाहावा. संकटकाळी ११२ हा क्रमांक फिरवावा.

पाचवी गोष्ट : भोजन. सकाळची न्याहारी म्हणजे कॉफी व एखादा गोड पाव. पोहे-उपम्याएवढा भरणा अपेक्षू नये. दुपारचे जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचे साडेसातनंतर. मधल्या वेळी खानावळी बहुधा बंद असतात. औषध जेवणाबरोबर घेणाऱ्यांनी जवळ काही खाऊ बाळगावा. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी काही रक्कम दिसते; ती मेजावर बसण्याची व पावाची असते. फोर्लीच्या बाजूस पियादिना नावाची पातळ भाकरी मिळते. ती पाहून आपल्या पोळीची आठवण होते. पण तिच्या पिठात परंपरेने डुकराची चरबी घालतात. ज्यांस ती वर्ज्य असेल त्यांनी तेलाची पियादिना आहे काय, असे विचारावे. तीही मिळते. ‘सेन्त्सा कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय. तथापि मासळी मांसात न धरणारे लोक तेथेही आहेत, म्हणून तेही वेगळे सांगावे. पंधरा ऑगस्ट हा तेथे मोठा सण असून त्या आठवड्यात लहान शहरांतील कित्येक दुकाने मिटलेली असतात.

सहावी गोष्ट : वर्तन. आत शिरताना ‘बोन्जोर्नो’, निघताना ‘ग्रात्सिए’, एवढे दोन शब्द आले तरी समोरच्या माणसाची मुद्रा बदलते. भिंती जुन्या व जिने दगडी असल्यामुळे आवाज घुमतो. दुपारच्या विश्रांतीच्या वेळी व रात्री मोबाईलवर मोठ्याने बोलू नये. काही मोडले तर लपवू नये, जाऊन सांगावे. तक्रार असेल तर ती मुक्कामातच शांतपणे सांगावी, म्हणजे तिचे निवारण होऊ शकते. घरी येऊन केलेल्या निंदेने कोणाचाच लाभ नाही. आणि आपण तेथे कशासाठी आलो हे हॉटेलवाल्यास अवश्य सांगावे. त्या रात्री नातवाने मोडक्यातोडक्या भाषेत स्मारकाची हकीगत सांगितली, तेव्हा कचेरीतील बाईंनी आजोबांना गरम दूध आणून दिले व पहाटेची टॅक्सी आपण होऊन ठरवून दिली. हीच हकीगत चार दिवस आधी पत्रात लिहिली असती, तर कदाचित दुपारचे दारही उघडले असते.

माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांस इटलीचा योग येणार नाही, हे मी जाणतो. परंतु परीक्षेसाठी नागपुरास, नोकरीच्या मुलाखतीसाठी पुण्यास, आजारी माणसास घेऊन सेवाग्रामच्या रुग्णालयाजवळ मुक्काम करण्याचा प्रसंग पुष्कळांवर येईल. तेथेही प्रश्न हेच : दार केव्हा उघडते, कोणते कागद लागतात, भाड्यावेगळे काय द्यावयाचे, आणि अडचणीत कोणास हाक मारावयाची. हे आधी विचारणाऱ्याचा वेळ वाचतो, आणि ज्या कामासाठी तो घरून निघाला ते काम दिवसाउजेडी होते. आपल्या गावच्या टेकडीवरील गणपतीस दूरदूरचे यात्रेकरू येतात. त्यांच्यापैकी कोणी वाटेत असे काही विचारले, तर उत्तर नीट द्यावे, एवढेही येथे सुचवितो.

आजोबांची पुन्हा एकदा जाण्याची इच्छा आहे. वडिलांचे नाव त्यांना उजेडात पाहावयाचे आहे. या खेपेस मुक्काम दोन रात्रींचा ठरविला असून, हॉटेलास पाठविण्याचे पत्र मी व तो विद्यार्थी यांनी मिळून लिहिले. त्यातील पहिले वाक्य आजोबांनी सांगितले, तसेच्या तसे घातले आहे : आम्ही दुपारी साडेबारास येऊ, त्या वेळी दार उघडे असेल काय?