बॉनेटखालील रंगाची निवड
वैशाखात सोलापूरचा पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा बॉनेटखालील पत्र्यास वरून उन्हाचा आणि आतून इंजिनाचा असा दुहेरी ताप सोसावा लागत असल्याने, तेथील रंग केवळ शोभेसाठी निवडणे इष्ट नव्हे. साधा स्प्रेचा रंग स्वस्त खरा, परंतु ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल सांडताच तो फुगून सुटतो, म्हणून गंज व ग्रीस निःशेष काढून (हयगय होते ती नेमकी येथेच!) प्रथम इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर हार्डनर मिसळलेला पॉलियुरेथेन रंग देणे, हीच माझ्या मते भरवशाची तजवीज. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला मात्र सिलिकॉनयुक्त उष्णतारोधक रंगच हवा. हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांस घातक असल्याने, फवारणी करणाऱ्या कारागिरास योग्य मास्क मिळाला आहे की नाही, याची चौकशी मालकाने अवश्य करावी.