पोर्तुगीजमधला नजीकचा भविष्यकाळ

लवकरच घडणारी गोष्ट सांगायला पोर्तुगीजमध्ये ‘जाणे’ या अर्थाच्या ‘ईर’ क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप घेतात आणि त्यापुढे मुख्य क्रियापद मूळ रूपात ठेवतात. ‘वो फलार’ म्हणजे मी बोलणार आहे. ‘वामुश फलार’ म्हणजे आपण बोलणार आहोत. बदलते ते पहिले पद. ‘वाय शुवेर’, पाऊस येणार, याला तर कर्ताही लागत नाही. ‘फलरेय’ हे एकपदी रूप आता मुख्यतः लिखाणात आणि औपचारिक भाषणात आढळते. वेळ स्पष्ट असेल तर साधा वर्तमानकाळही चालतो, मराठीत ‘उद्या येतो’ म्हणतात तसा.

पोर्तुगीजपासून घडलेल्या बोलींत भविष्यकाळ वेगळ्या वाटेनेही येतो. त्याचे महाराष्ट्रातले मोलाचे उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईचे. पोर्तुगिजांनी 1740 मध्ये शेजारचे चौल सोडले, तरी कोर्लई किल्ल्याजवळच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून घडलेली बोली टिकून राहिली. तिने ‘ईर’ची वाट धरली नाही. ‘लवकरच’ या अर्थाचे पोर्तुगीज ‘लोगु’ झिजून तिच्यात ‘ल’ झाले. क्रियापदाआधी हा ‘ल’ आला की भविष्यकाळ होतो. श्रीलंकेतल्या पोर्तुगीज बोलीत त्याच शब्दाचे ‘लो’ झाले आहे.