मॉलमध्ये शिरल्यावर डिलिव्हरीवाला दादा मॅपवर का हरवतो?

जेवण ऑर्डर करायचं आणि मॅपवरच्या छोट्या स्कूटरकडे बघत बसायचं, हे आपण सगळेच करतो. मीही करतो. पण मॉलपाशी आली की ती स्कूटर जागच्या जागी घुटमळते. दादा अजून हॉटेल शोधतोय, की काउंटरवर पार्सलची वाट बघत उभा आहे? ॲपला पत्ताच नसतो.

कारण साधं आहे. जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांचा सिग्नल इथे पोचेपर्यंत आधीच क्षीण होतो, त्यात काँक्रीट आणि लोखंड आडवं आलं की बोलायलाच नको. मजला ओळखणं तर फारच लांब.

मग ॲप दादालाच 'पोचलो' हे बटण दाबायला सांगतं. खरी गोची इथे आहे. कुणी घाईत आधीच दाबतं, कुणी विसरतं. नंतर उशीर कुणामुळे झाला, हॉटेलमुळे की दादामुळे, हे कसं ठरवणार?

चीनमधल्या 'एलेमे' या डिलिव्हरी ॲपने यावर एक उपाय केला. शांघायमधल्या 12 हजारांहून जास्त दुकानांत त्यांनी ब्लूटूथ बीकन बसवले. बीकन म्हणजे सतत 'मी इथे आहे' असं सांगणारं छोटंसं यंत्र. दादाच्या फोनने ते ऐकलं, की तो पोचल्याची नोंद आपोआप होते. पण हजारो यंत्रं सांभाळायची म्हणजे खर्च आलाच. म्हणून पुढे दुकानदाराचा फोनच बीकनसारखा वापरला. या दोन्ही प्रयोगांवरचे शोधनिबंध 2021 मध्ये आले.

आणि मजला? काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो. एक मीटर वर गेलं की दाब साधारण 0.12 हेक्टोपास्कलने घटतो. म्हणजे तीन मीटरच्या एका मजल्याला सुमारे 0.36. खाली दारात मोजलेला दाब आणि वरचा दाब यांतल्या फरकावरून मजल्याचा अंदाज बांधता येतो. पण स्वस्त फोनमध्ये हा सेन्सर बऱ्याचदा नसतोच.

आता माझं मत सांगतो. दादा काउंटरवर वीस मिनिटं ताटकळला याचा पुरावा फोन देऊ शकतो. पण तो पुरावा फक्त कंपनीलाच दिसला, तर ती नुसती पाळत झाली. दादालाही तो स्वतःच्या स्क्रीनवर दिसायला हवा, आणि ड्युटी संपली की ट्रॅकिंगही बंद व्हायला हवं. तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!