तळघर राहते करण्याचा खर्च

अमेरिकेच्या ईशान्येकडील व मध्य-पश्चिमेकडील राज्यांत आणि कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात हिवाळ्यात जमीन काही फूट खोलवर गोठते, आणि मातीतील पाणी गोठताना फुगत असल्याने उथळ पाया वर उचलला जाऊन घराला तडे जातात. म्हणून तिथे पाया गोठणरेषेच्या, म्हणजे जमीन ज्या खोलीपर्यंत गोठू शकते त्या पातळीच्या, खाली न्यावा लागतो. शिकागोत ही खोली ४२ इंच धरतात, तर मिनेसोटाच्या उत्तर भागात ६० इंच. पायासाठी एवढे खणावेच लागते, तेव्हा आणखी काही फूट खणून एक अख्खा मजला मिळवणे परवडते, आणि याच हिशेबातून तिथल्या घरांना तळघरे मिळाली. फ्लोरिडात जमीन गोठत नाही आणि भूजल वर असते, त्यामुळे तिथे तळघर क्वचितच आढळते. नव्या घराबरोबर मिळणारे तळघर मात्र बहुधा उघड्या काँक्रीटच्या भिंती, खालचा काँक्रीटचा थर, डोक्यावर दिसणाऱ्या तुळया आणि एका कोपऱ्यात भट्टी व पाणी तापवण्याची टाकी, अशा अवस्थेत असते. त्याला भिंती, छत, फरशी, वीज आणि ऊब देऊन राहण्याजोगे करणे, म्हणजेच तिथल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात ‘बेसमेंट फिनिश करणे’, हे घर घेतल्यानंतरच्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक असते.

न्यू जर्सीतील एडिसनच्या परिसरात किंवा टोरांटोच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही जागा हवी असण्याची कारणे ठसठशीत आहेत: भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांना खोली, मुलांना हिवाळ्यात खेळायला जागा, गणपतीत जमणाऱ्या मंडळींची पंगत, मंडळाच्या नाटकाच्या तालमी. या गरजांतून उभे राहणारे अंदाजपत्रक सहसा फरशीचा रंग, मोठा पडदा, कोपऱ्यातला ओटा यांपासून सुरू होते आणि ज्या गोष्टी पूर्ण झालेल्या कामात कुणाला दिसणार नाहीत त्यांच्यापाशी येईतो पैसे संपलेले असतात. तळघराच्या बाबतीत खर्चाच्या आकड्याइतकाच खर्चाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी पाणी, मग हवा, मग बाहेर पडण्याची वाट, आणि यांची सोय झाल्यावर जी रक्कम उरेल तिच्यात सजावट, हा तो क्रम आहे.

तळघरात पाणी तीन वाटांनी येते आणि तिन्हींचे उपाय व खर्च वेगळे आहेत. पहिली वाट केशाकर्षणाची: काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रांतून मातीतील ओल हळूहळू आत चढते आणि भिंतीवर पांढऱ्या क्षारांची भुकटी सोडते. दुसरी जलदाबाची: पावसाने किंवा वितळत्या बर्फाने पायाभोवतीची माती पाण्याने भरली की ते पाणी तड्यांतून आणि भिंत व जमीन यांच्या सांध्यातून आत रेटले जाते. तिसरी वाट हवेतून येते, कारण उन्हाळ्यातील दमट हवा थंड काँक्रीटला लागताच तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात. यांतली कोणती वाट चालू आहे याचा अंदाज घेण्याची एक जुनी आणि जवळजवळ फुकट चाचणी अशी, की साधारण १८ इंच चौरस प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवावा आणि किमान १६ तासांनी पाहावा: तुकड्याच्या खाली ओल असेल तर ती काँक्रीटमधून येते आहे, आणि वरच्या बाजूला थेंब असतील तर ती खोलीतील हवेची आहे. हवेतल्या ओलीला दमटपणा शोषणारे यंत्र पुरते. मातीतल्या ओलीला ते पुरत नाही.

बाहेरून येणाऱ्या पाण्यावरचे सर्वांत स्वस्त उपाय घराच्या बाहेरच असतात, आणि तेच आधी करावेत. पायापासून पहिल्या दहा फुटांत जमिनीला किमान सहा इंच उतार असावा अशी बांधकाम संहितेची अपेक्षा आहे. पण भरावाची माती वर्षानुवर्षे खचून हा उतार अनेक घरांत उलटा, म्हणजे घराकडे, झालेला असतो. माती टाकून तो नीट करणे आणि छपराच्या पन्हाळींचे पाणी नळीने पायापासून लांब सोडणे, ही कामे बहुधा काही शे डॉलरांत होतात. एवढ्याने भागले नाही तर भिंतीलगत आतून काँक्रीट चिरून चर खणतात, त्यात खडी आणि छिद्रांची नळी घालतात, आणि जमलेले पाणी संप नावाच्या खड्ड्यात नेऊन पंपाने बाहेर टाकतात. या कामाचा खर्च हजारांत जातो आणि मोठ्या घरात दहा हजार डॉलरांच्याही पुढे जाऊ शकतो. पंपाला बॅटरीची जोड हवी, कारण ज्या वादळात पंपाची गरज सर्वांत जास्त असते त्याच वादळात वीज जाते. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाच्या अवशेषांमुळे न्यूयॉर्क शहरात जे १३ लोक दगावले, त्यांतील ११ जण तळघरांतील घरांत होते. पाणी कुठून आणि किती येते हे आधी कळावे म्हणून घर ताब्यात आल्याबरोबर तळघराचे काम काढण्यापेक्षा एक पूर्ण वर्ष, म्हणजे बर्फ वितळण्याचा वसंत आणि वादळांचा शरद, त्या भिंती उघड्या ठेवून पाहणे हा या सगळ्या व्यवहारातील सर्वांत शहाणपणाचा आणि बिनखर्चाचा निर्णय आहे.

पाण्यानंतर हवा, आणि हवेत मुख्यतः रेडॉन. जमिनीतील व खडकांतील युरेनियमच्या ऱ्हासातून तयार होणारा हा किरणोत्सर्गी वायू रंग, वास किंवा चव नसलेला असून पायाच्या फटींतून घरात शिरतो आणि सर्वांत खालच्या मजल्यावर साठतो. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते दुसरे मोठे कारण मानले जाते. १९८४मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्रातील एका कर्मचाऱ्यामुळे तिथली किरणोत्सर्ग-मापक यंत्रे पुन्हा पुन्हा धोक्याची सूचना देऊ लागली, आणि शोध घेतल्यावर या किरणोत्सर्गाचे मूळ केंद्रात नव्हे तर त्याच्या घरातील रेडॉनमध्ये सापडले. ज्या खडकांच्या पट्ट्यात ते घर होते, तो पट्टा न्यू जर्सीच्या उत्तर भागातूनही जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने लीटरमागे ४ पिकोक्युरी, तर कॅनडाच्या आरोग्य खात्याने घनमीटरमागे २०० बेक्वेरेल, ही उपाय करण्याची पातळी ठरवली आहे. मोजणीचा संच स्वस्त असतो. पातळी जास्त निघाल्यास काँक्रीटखालून नळी काढून पंख्याने तो वायू छपरावर सोडण्याची व्यवस्था साधारण एक ते अडीच हजार डॉलरांत होते, मात्र ती भिंती उभ्या राहण्याआधी झाली तर. ड्रायवॉल, म्हणजे जिप्समच्या तयार फळ्या, लागल्यानंतर तीच नळी न्यायला भिंती आणि छत फोडावे लागते.

बाहेर पडण्याच्या वाटेचा प्रश्न आईवडिलांच्या खोलीमुळे अटळपणे येतो. बहुतेक राज्यांनी कमी-अधिक फेरफार करून स्वीकारलेल्या ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’नुसार, तळघरात झोपण्याची खोली असेल तर आगीच्या वेळी माणसाला बाहेर पडता येईल आणि अग्निशामकाला आत येता येईल अशी खिडकी तिथे असावी लागते: उघडल्यावर मोकळी जागा सर्वसाधारणपणे किमान ५.७ चौरस फूट, उंची २४ इंच, रुंदी २० इंच, आणि खालची कड जमिनीपासून ४४ इंचांहून वर नाही. पायाची काँक्रीटची भिंत कापून, बाहेर विहिरीसारखा खड्डा करून, त्यातले पाणी वाहून जाण्याची सोय करून अशी खिडकी बसवायला काही हजार डॉलर लागतात, आणि ते वाचवण्यासाठी नकाशावर ‘अभ्यासिका’ लिहून तिथे पलंग टाकणे हा आईवडिलांच्या जिवाशी केलेला व्यवहार आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. याच संहितेत राहत्या जागेला सात फूट उंची लागते. तुळया व हवेच्या नळकांड्यांखाली सहा फूट चार इंच चालते. जुन्या घरात एवढी उंची नसेल तर जमीन खोल करून पाया खालून बांधून घ्यावा लागतो, आणि त्याचा खर्च इतका वाढतो की बहुतेक कुटुंबांनी तिथेच थांबून जागा सामानासाठी ठेवणे बरे.

यानंतर येतो प्रत्येक जण विचारतो तो प्रश्न: चौरस फुटाला किती? या दराने अंदाज जितका सोपा होतो तितकाच तो फसवतो, कारण तळघराच्या खर्चाचा एक भाग क्षेत्रफळाबरोबर वाढतो तर दुसरा भाग खोली लहान असो वा मोठी, तेवढाच राहतो. उदाहरणादाखल ८०० चौरस फुटांचे तळघर घेऊ, आणि लाकडी चौकट, उष्णतारोधक थर, ड्रायवॉल, छत, फरशी, दिवे व रंग यांना मिळून चौरस फुटाला ३५ डॉलर धरू. हे झाले २८ हजार. आता स्नानगृहाचे १५ हजार, सुटकेच्या खिडकीचे ५ हजार, नकाशे व परमिटचे दीड हजार, आणि ऊब व थंडाव्याची नळकांडी वाढवण्याचे साडेतीन हजार धरले तर ठरावीक खर्च २५ हजार होतो, एकूण ५३ हजार, म्हणजे चौरस फुटाला सुमारे ६६ डॉलर. हे आकडे हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत आणि मजुरीच्या दरानुसार ते राज्याराज्यांत बदलतील, पण त्यांच्यातील नाते बदलत नाही. पैसे कमी पडतात म्हणून निम्मेच तळघर करायचे ठरवले, तर खर्च ३९ हजारांवर येतो. क्षेत्रफळ अर्धे झाले, खर्च मात्र चौथ्या हिश्श्याहून थोडाच जास्त उतरला. म्हणून पैसे अपुरे असताना क्षेत्रफळ कापण्याऐवजी ठरावीक खर्चाची एखादी बाब पुढे ढकलणे, पण तिची नळी आणि तार आत्ताच भिंतीत घालून ठेवणे, जास्त फायद्याचे ठरते.

या ठरावीक बाबींत स्नानगृह सर्वांत जड. बांधणाऱ्याने काँक्रीटखाली मलवाहिनीची जोडणी आधीच काढून ठेवली असेल तर बरीच बचत होते. नसेल तर जमीन फोडावी लागते, आणि घराची मुख्य मलवाहिनी तळघराच्या जमिनीपेक्षा वरून बाहेर जात असेल तर सांडपाणी वर चढवणारा वेगळा पंपही लागतो. फोडणीचा वास वर पसरू नये म्हणून खाली दुसरे स्वयंपाकघर करण्याचा बेत अनेक मराठी घरांत असतो. परंतु दुसरी शेगडी आली की काही नगरपालिका ते दोन कुटुंबांचे घर मानतात आणि एका कुटुंबासाठी राखलेल्या वस्तीत परवानगी नाकारतात, तेव्हा ओट्याचा दगड निवडण्याआधी नगरपालिकेच्या कचेरीत विचारणे आवश्यक आहे. कॅनडात, सोबत कायम राहणाऱ्या, ६५ किंवा त्याहून अधिक वयाच्या नातेवाइकासाठी स्वतंत्र दार, स्वयंपाकघर व स्नानगृह असलेले घरकुल केल्यास, २०२३पासून करसवलत मिळते. सुरुवातीला ती खर्चाच्या १५ टक्के, कमाल ७,५०० कॅनेडियन डॉलर होती.

साहित्याविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. काँक्रीटला लागून कडक फोमच्या पाट्या लावाव्यात. काचतंतूची गादी थेट काँक्रीटला टेकवली की तिच्यात ओल धरून बुरशी येते. काँक्रीटवर बसणारे लाकूड रसायन मुरवलेले असावे. छतासाठी सुट्या पाट्यांचे लटकते छत दिसायला साधे, पण वरच्या मजल्याची गळती शोधताना ते केवळ पाटी उचलून उघडते. फरशी म्हणून खरे लाकूड खाली टिकत नाही.

कंत्राटदाराकडून घेतलेले दरपत्रक एका ओळीचे असेल तर त्याची तुलना कशाशीच करता येत नाही. प्रत्येक कामाची रक्कम वेगळी मागावी आणि फरशी, नळ, दिवे यांसाठी गृहीत धरलेली रक्कम किती आहे ते विचारावे, कारण कमी वाटणारे दरपत्रक बहुधा तिथेच कमी केलेले असते. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराला राज्याकडे नोंदणी करावी लागते आणि ५०० डॉलरांवरील कामाचा करार लेखी असावा लागतो. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावेत, आणि शेवटचा मोठा हप्ता नगरपालिकेच्या अंतिम तपासणीनंतरच. मुख्य कंत्राटदाराने पोटकंत्राटदाराचे पैसे थकवले तर तो पोटकंत्राटदार घरावर बोजा चढवू शकतो. म्हणून प्रत्येक हप्त्याबरोबर हक्क सोडल्याची सही घेण्याची पद्धत आहे. आकस्मिक खर्चासाठी नव्या घरात दहा टक्के आणि जुन्या घरात वीस टक्क्यांपर्यंत रक्कम बाजूला ठेवावी लागते, कारण १९८०पूर्वीच्या घरांत जुन्या फरशीखाली ॲस्बेस्टॉस निघण्याची शक्यता खरी असते.

घर विकताना हा पैसा किती परत येतो? अमेरिकेतील स्थावर मालमत्ता दलालांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२२च्या अहवालात तळघर राहते करण्याचा खर्च ५७,५०० डॉलर आणि त्यातून वसूल होणारी रक्कम ८६ टक्के धरली होती. मूल्यांकनकार मात्र तळघराचे क्षेत्रफळ वरच्या मजल्यांत मिळवत नाहीत. ते वेगळे दाखवतात आणि त्याला कमी भाव देतात. शिवाय काम पूर्ण झाले की घराचे करपात्र मूल्य वाढते, आणि न्यू जर्सीत, जिथे मालमत्ता कर देशात सर्वांत जड असलेल्यांपैकी आहे, ही वाढ दरवर्षीच्या खर्चात धरावी लागते. विम्याचेही तसेच: साध्या गृहविम्यात पूर येत नाही, मलवाहिनी उलटी वाहिली तर त्यासाठी वेगळे कलम घ्यावे लागते, आणि सरकारी पूरविमाही तळघरातील सजवलेल्या भिंती, फरशी व बहुतेक सामान यांची भरपाई देत नाही. या कामावरचा खर्च अमेरिकेत घराच्या मूळ किमतीत मिळवता येत असल्याने विक्रीच्या वेळी नफ्यावरील कर कमी होऊ शकतो. त्यासाठी पावत्या, परमिटची प्रत आणि अंतिम तपासणीचा दाखला घर विकेपर्यंत एकत्र जपून ठेवावे लागतात.