पोपच्या आधी परेहा

१६५० साली रोममध्ये पोप दहाव्या इनोसंटचं पोर्ट्रेट करायचं काम दिएगो व्हेलास्केझकडे आलं. पोपसमोर बसण्याआधी हात मोकळा व्हावा म्हणून त्याने घरातलाच माणूस उभा केला, हुआन दे परेहा. घरातला खरा, पण गुलाम.

पालोमिनो हा चरित्रकार सांगतो, की ते चित्र परेहाच्याच हाती देऊन मित्रांकडे पाठवलं. मंडळी चित्राकडे बघत, परेहाकडे बघत, आणि बोलावं कोणाशी हेच त्यांना कळेना. पालोमिनोने हे लिहिलं पाऊणशे वर्षांनी, तेव्हा थोडा मीठमसाला गृहीत धरावा. पण १६५० च्याच मार्चमध्ये ते पँथिऑनमध्ये लागलं, हे खरं; रोमचे चित्रकार थक्क झाले, हे मात्र पुन्हा पालोमिनोच सांगतो.

आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पांढरी लेसची कॉलर, ताठ मान, नजर थेट आपल्यावर. मग कोपराकडे लक्ष जातं: बाही तिथे विरलेली. व्हेलास्केझला ती झाकता आली असती. त्याने तिथेच रंगाचा एक फिकट फटकारा मारून ठेवला. त्या विरलेल्या बाहीमुळेच मानेचा ताठा जास्त कळतो, असं मला वाटतं.

पोपचं उलटं. टोपी लाल, खांद्यावरचं वस्त्र लाल, खुर्ची लाल, मागचा पडदाही लाल. एवढ्या थाटात ओठ मात्र आवळलेले, आणि डोळे समोरच्याला जोखणारे. पोर्ट्रेटवाल्यांना ठाऊक असतं, बैठकीला बसलेला माणूस सुरुवातीला चेहरा सांभाळतो. मग मान अवघडते, कंटाळा येतो, आणि खरा स्वभाव वर येतो. पंच्याहत्तरीच्या या पोपने सांभाळणं सोडलंच नसावं, आणि चित्रात नेमकं तेच उतरलं. ‘फारच खरं आहे हे’, असं तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. म्हणाला असो वा नसो, चित्र त्याने परत केलं नाही. फ्रान्सिस बेकन या चित्रकाराने पुढे याच चित्रावरून किंचाळणारे पोप रंगवले. १९५४ मध्ये रोमला जाऊनही मूळ चित्र पाहायला मात्र तो गेला नाही.

नोव्हेंबर १६५० मध्ये व्हेलास्केझने परेहाच्या मुक्ततेचा कागद केला, चार वर्षांनी लागू होणारा. पुढे परेहा स्वतः चित्रकार झाला. १६६१ च्या एका मोठ्या चित्रात अगदी डाव्या कडेला त्याने स्वतःला उभं केलंय, हातात सहीचा कागद. तिथे त्याचा रंग उजळ आहे, नाक सरळ आहे आणि कपड्यांना कुठे टाकासुद्धा उसवलेला नाही.